स्वारगेटच्या दक्षिणेकडील उघडे कातळ : एक उपेक्षित इतिहाससाधन

मार्च २०१९ मध्यें स्वारगेट येथें वाहतूककेंद्राच्या पायाचें खोदकाम चालू असतां जमिनीखालीं एक जुनें बांधीव भुयार लागलें. तें पाणी वाहून नेण्यासाठीं केलेलें असावें असा तर्क त्या वेळीं वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाला व पुण्यांतील इतिहासप्रेमी मंडळींत त्याची बरीच चर्चा झाली. ती होणें योग्यच होतें. परंतु तें भुयार ज्या भूमींत होतें त्या भूमीकडे आपणांपैकीं किती जणांचें लक्ष गेलें असेल? अशा खोदकामांत जमिनीचा उभा छेद उघडा पडतो. वर माती, तिच्याखालीं मुरूम, मग मांजऱ्या आणि शेवटीं कातळ, हा क्रम विहिरी खणणारा इकडील कोणीहि जुना माणूस सांगूं शकेल. हा छेद कांहीं महिने उघडा राहतो आणि मग कांक्रीटच्या भिंतीआड कायमचा जातो. २९ सप्टेंबर २०२४ रोजीं जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग लोकांस खुला झाला. तेथील कातळ आतां कोणाच्या दृष्टीस पडणार नाहीं.

स्वारगेट हें नांव स्वारांच्या नाक्यावरून पडलें अशी लोकश्रुति आहे. तिची चिकित्सा करण्याचें हें स्थळ नव्हे. आम्हांस येथें एवढेंच सांगावयाचें आहे कीं, या नाक्यापासून पश्चिमेस पर्वती-तळजाईच्या टेकड्या आणि दक्षिणेस सातारच्या रस्त्यानें कात्रजचा घाट, एवढ्या लहानशा टापूंत ऊन-पावसानें झिजलेले असे उघडे कातळ आहेत कीं ज्यांस इतिहासाचें साधन म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. ताम्रपट, बखरी व मोडी रुमाल जमविणाऱ्या वाचकांस हें विधान धाडसाचें वाटेल. म्हणून तें कशाच्या आधारें केलें आहे तें सविस्तर सांगणें प्राप्त आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणानें झांकला आहे तो बेसाल्ट होय. भूमीस मोठमोठ्या भेगा पडून त्यांतून लाव्हारस वाहेर पडला, दूरवर पसरला, थिजला; त्यावर पुन्हां दुसरा आला. असे थरावर थर साचून आज सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून राहिले आहेत. सह्याद्रीच्या बाजूस त्यांची एकूण जाडी दोन हजार मीटरच्या आसपास भरते, पूर्वेकडे ती कमी होत जाते. किल्लारी येथें भूकंपानंतर जें वेधछिद्र घेतलें त्यांत ३३८ मीटरवर बेसाल्ट संपून खालचा प्राचीन खडक लागला. कोयनेच्या परिसरांत त्यासाठीं सुमारें ९३० मीटर खालीं जावें लागलें. कर्नल साइक्स हा मुंबई सरकारच्या नोकरींत असतां याच मुलखांत हिंडला होता. त्यानें १८३३ सालीं लंडनच्या भूविज्ञानमंडळापुढें दख्खनच्या एका भागाविषयीं जो निबंध वाचला, तो या विषयावरील आरंभींच्या लिखाणांपैकीं एक आहे. या खडकास जें ‘ट्रॅप’ नांव रूढ झालें तें पायरी या अर्थाच्या एका स्वीडिश शब्दावरून आलें. पुरंदर किंवा सिंहगड दुरून पाहिला असतां कडा, मग उतार, पुन्हां कडा अशी जी बांधणी दिसते तिला ही संज्ञा अगदीं चपखल आहे.

या पायऱ्या कशा झाल्या? येथेंच झिजेचें महत्त्व कळूं लागतें. लाव्हारसाचा एक लोट थिजतो तेव्हां त्याचा मधला भाग हळूहळू निवतो व घट्ट होतो. वरच्या भागांत मात्र वायूचे बुडबुडे अडकून राहतात व दगड सच्छिद्र होतो. हीं छिद्रें पुढें पाण्यांतून आलेल्या क्षारांनीं भरून निघतात आणि त्यांत गारगोट्या, चुनखडीचे स्फटिक व झिओलाइट तयार होतात. विहीर खणणारे ज्यास मांजऱ्या म्हणतात तो बहुधा हाच भाग होय. घट्ट भाग झिजेस दाद देत नाहीं, म्हणून त्याचा कडा राहतो. सच्छिद्र भाग लवकर खचतो, त्याचा उतार होतो. ताज्या फोडलेल्या खाणींत हे दोन्ही भाग काळसरच दिसतात व सामान्य माणसास त्यांतील भेद सहसा ओळखूं येत नाहीं. तोच दगड शेकडों पावसाळे खाऊन उभा असला म्हणजे प्रत्येक थराची सीमा स्पष्ट होते. फार वर्षें उघडा राहिलेला शिलालेख झिजून वाचेनासा होतो. कातळाचें याच्या उलट आहे, तो झिजला म्हणजे वाचतां येतो.

झिजेचा एक प्रकार तर या टापूंत जागोजाग दृष्टीस पडतो. रस्त्याच्या कडेस डोंगर कापलेला असला कीं पिवळट मुरमांत तोफेच्या गोळ्यांसारखे वाटोळे धोंडे रुतून बसलेले दिसतात. पुष्कळांची समजूत अशी कीं, हे नदीनें वाहून आणलेले गोटे आहेत. तसें नाहीं. निवतांना आकसल्यामुळें कातळास उभ्या-आडव्या भेगा पडतात व त्याचे चौकोनी ठोकळे होतात. या भेगांतून पाणी झिरपतें. ठोकळ्याची सपाट बाजू एकाच अंगानें कुजते, कड दोन अंगांनीं आणि कोपरा तिन्ही अंगांनीं. म्हणून कोपरे आधीं जातात व चौकोनाचा गोळा होतो. गोळ्याभोंवतीं कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. बाहेरचा पापुद्रा बोटानें चुरडतो, आंतला नखानें खरवडतो, आणि गाभ्यावर हातोडा मारला तर घण मारल्यासारखा आवाज येतो. एकाच धोंड्यांत गाभ्याचा ताजा कातळ, त्याभोंवतीं तपकिरी पापुद्रे व बाहेर मुरूम अशी तिन्ही रूपें मिळतात. त्या मुरमाची पुढें माती कशी होते हेंहि तेथेंच वरच्या अंगास दिसतें. देशावरची काळी जमीन, तिच्यावरील शेती, सारा, वतनें व त्या सर्वांसंबंधीं आपण जमविलेले कागद यांचें मूळ या पापुद्र्यांत आहे असें म्हटल्यास ती अतिशयोक्ति होणार नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. कात्रज व दिवे या घाटांत, तसेंच सिंहगडाच्या वाटेवर, दोन काळ्या थरांच्या मध्यें कोठें कोठें विटकरी तांबडा पट्टा आढळतो. त्याची जाडी कोठें चार बोटें, कोठें हातभर, क्वचित् त्याहूनहि अधिक. हाताळल्यास तो मातीसारखा कुसकरतो. घाटानें जाणारे-येणारे त्यास गेरू समजतात. भूविज्ञान सांगतें तें असें : एक लाव्हारस थिजल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला त्या काळांत पहिल्याचा माथा हवा-पाण्यानें कुजला, त्यावर माती धरली, कधीं दूरच्या ज्वालामुखीची राख येऊन पडली, आणि मग दुसऱ्या रसानें हें सर्व भाजून तांबडें केलें. कोणत्या ठिकाणीं माती किती व राख किती याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत. तथापि हा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधील विश्रांतीचा काळ होय, यांत वाद नाहीं. बखरकारानें दोन मोहिमांच्या मध्यें ‘छावणी केली’ एवढेंच लिहावें व पुढें चालावें, तसा हा पट्टा आहे. पण छावणी कोठें व किती दिवस होती यावरच पुष्कळदां सर्व शकावली अवलंबून असते हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

या कुसकरणाऱ्या पट्ट्यानेंच या सर्व पाषाणाचा काळ निश्चित करण्यास मोठी मदत केली. बेसाल्टमध्यें झिर्कॉन नामक खनिज सहसा मिळत नाहीं. परंतु दूरच्या स्फोटक ज्वालामुखीच्या राखेबरोबर आलेले झिर्कॉनचे अतिसूक्ष्म कण यांतील कांहीं तांबड्या पट्ट्यांत सांपडले. झिर्कॉन फार चिवट असतो. भोंवतालचें सर्व कुजलें तरी तो टिकतो. त्यांत थोडें युरेनियम असतें, व त्याचें ठराविक गतीनें शिसें होत जातें. दोहोंचें प्रमाण मोजलें म्हणजे कण किती जुना तें कळतें. सह्याद्रींतील अशा पट्ट्यांचे नमुने घेऊन केलेलें काम २०१५ सालीं ‘सायन्स’ नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. त्यावरून असें ठरलें कीं, उद्रेकांचा मुख्य भाग सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं झाला आणि तो साडेसात लक्ष वर्षांच्या आंतबाहेर आटोपला. पृथ्वीवरील अवाढव्य सरपटणारे प्राणी याच सुमारास नष्ट झाले. मेक्सिकोंतील चिकशुलूब येथें आदळलेल्या अशनीनें तो संहार केला, कीं आपल्या दख्खनच्या अग्नीनें, कीं दोघांनीं मिळून, हा प्रश्न जगांतील विद्वानांपुढें आहे. आणि त्याच्या साक्षीपुराव्याचा एक मोठा भाग घाटांच्या कडेला पडला आहे.

पुढची हकीकत अधिक मननीय आहे. २०१९ सालीं त्याच नियतकालिकाच्या एकाच अंकांत दोन पथकांचे निबंध आले. एकानें तांबड्या पट्ट्यांतील झिर्कॉन घेतला होता, दुसऱ्यानें लाव्हारसाच्या थरांतील स्फटिक घेऊन आर्गॉन वायूच्या साहाय्यानें काळ काढला होता. एकूण काळाविषयीं दोघांचें बरेंचसें जमलें. पण उद्रेकाची गति कशी होती, ते टप्प्याटप्प्यानें झाले कीं अखंड चालू होते, व अशनी पडण्यापूर्वीं किती रस वाहिला होता आणि नंतर किती, याविषयीं जमलें नाहीं. आपल्या क्षेत्रांत जेधे शकावली व एखादी बखर यांच्या तिथींचा मेळ बसत नाहीं तेव्हां आपण काय करतों? पुन्हां अस्सलाकडे जातों. छापील प्रतीवर विसंबत नाहीं, मूळ बंद उलगडून शाई, वळण व खाडाखोड पाहतों. भूविज्ञानालाहि हाच मार्ग आहे. दोन मतांचा निकाल लावण्यास त्याच थराचा नवा नमुना घ्यावा लागतो, आणि तो थर ज्या ठिकाणीं पूर्वीं पाहिला त्याच ठिकाणीं असावा लागतो. दरम्यान तो डोंगर कापून नेला असेल तर राहतें काय? पूर्वीच्या संशोधकाचें टिपण व प्रयोगशाळेंतील पुडी; म्हणजे नक्कल. अस्सल गेल्यावर नकलेवर भरंवसा किती ठेवावा, हें आमच्या वाचकांपेक्षां अधिक कोण जाणतो?

ठिकाण सुटलें कीं वस्तूचें मोल कसें जातें याचें एक उदाहरण येथें द्यावेंसें वाटतें. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत सांपडणारें कॅव्हॅन्साइट हें गडद निळें खनिज जगांतील संग्राहकांस फार प्रिय आहे. त्याचा तुकडा पेटींत घालून विकला जातो. पण तो कोणत्या खाणींतून, कोणत्या थराच्या कोणत्या पोकळींतून निघाला याची चिठ्ठी बरोबर नसेल तर तो केवळ सुंदर खडा उरतो. पुष्पिका फाडून विकलेल्या पोथीसारखीच ही गोष्ट आहे.

कोणी म्हणेल कीं, सहा कोटी वर्षांपूर्वींच्या गोष्टींशीं मराठ्यांच्या इतिहासाचा संबंध काय? संबंध आहे आणि तो निकटचा आहे. जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर राष्ट्रकूटकाळांत, इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या सुमारास, कोरला गेला. शिल्प्यांनीं तेथें डोंगराच्या पोटांत न शिरतां सपाट भूमींतून खालीं उतरून मंडप व नंदीचा वर्तुळाकार चौक काढला. हें त्यांस करतां आलें याचें कारण तेथें अखंड, घट्ट थर मिळाला. लेणीं कोरणारे व गडावर टाकीं खोदणारे लोक थराची जात ओळखून काम करीत. जेथें लेण्याच्या भिंतींतून मऊ किंवा तांबडा पट्टा आडवा जातो तेथें दगड आधीं सुटतो व पाणी पाझरतें. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं कात्रजच्या तलावापासून शहरांतील हौदांपर्यंत जो नळ आणला त्याची कथा सर्वश्रुत आहे. तथापि कात्रजच्या खोऱ्यांतच पाणी कां धरतें, याचें उत्तर कागदांत नसून डोंगरांत आहे. झिजलेला मुरूम व भेगाळ मांजऱ्या पावसाचें पाणी पोटांत घेतो, खालचा घट्ट कातळ तें अडवितो, आणि दोहोंच्या सांध्याशीं झरे फुटतात. आंबील ओढा अशाच पाण्यावर वाहतो, आणि पर्वतीच्या पायथ्याचें तळें, जेथें आज सारसबाग आहे, तें याच ओढ्याच्या आश्रयानें झालेलें. पेशवे दप्तरांतील बांधकामाचे हिशेब लावणाऱ्या मंडळींनीं कातळ फोडण्याचे, सुरुंगाचे व मुरमाचे जमाखर्चांतील उल्लेख निराळे टिपून ठेवले तर आज ज्या जागीं कांहीं उरलें नाहीं तेथील थरांचीहि माहिती हातीं लागेल. हें काम भूविज्ञानवेत्त्यांच्या हातून होणें नाहीं. त्यांस मोडी येत नाहीं.

आतां या साधनांवर काय प्रसंग आला आहे तो पाहूं. सरकारी दप्तरीं मुरूम हें ‘गौण खनिज’ आहे व त्याचें माप ब्रासनें होतें. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. ज्या पापुद्र्यांचें वर्णन वर केलें ते अशा रीतीनें मालमोटारींत भरून भराव टाकण्यास जातात. कसर कागद खाते ती निदान अजाणतां खाते. टेकडी अशी कापली म्हणजे केवळ शास्त्राचीच हानि होते असें नाहीं : कात्रजच्या पलीकडे शिंदेवाडीजवळ डोंगर फोडून भराव टाकल्यानें पाण्याची वाट अडली, आणि जून २०१३ मधील पावसांत तेथें महामार्गावर आलेल्या लोंढ्यानें दोन जीव नेले. दुसरा प्रकार याच्या उलट. रस्ता रुंद करतांना उत्तम छेद उघडा पडतो व पुढें दरड कोसळूं नये म्हणून त्यावर सिमेंटचा गिलावा चढतो किंवा दगडी भिंत येते. प्रवाशांचा जीव वांचविणें हें केव्हांहि श्रेष्ठ. त्याविरुद्ध आमचें म्हणणें नाहीं. पण गिलावा चढविण्यापूर्वीं छायाचित्र व माप घेण्यास एक दिवस पुरतो, आणि तेवढाहि कोणी देत नाहीं. तिसरा प्रकार सद्हेतूचा आहे : उघडा कातळ दिसला कीं तो ‘ओसाड’ समजून त्यावर माती टाकून झाडें लावणें. झाडें लावावींत, परंतु पडकें देऊळ दिसलें म्हणून त्यास ऑइलपेंट फासणाऱ्या भक्ताची आम्हांस अशा वेळीं आठवण होते.

कायद्याचा आधार तोकडा आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यांत लेणें, शिल्प, शिलालेख व एकाश्म यांस स्थान आहे. मानवी हाताचा स्पर्श न झालेल्या कातळास नाहीं. पाताळेश्वर संरक्षित आहे, पण तो ज्या थरांत कोरला तोच थर शंभर पावलांवर असंरक्षित असूं शकतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याखालीं वारसास्थळें घोषित होतात, व पुण्यांतील गणेशखिंड बागेस २०२० सालीं तो मान मिळाला. पण तेथें विचार वनस्पतींचा आहे. शहरांत १९९७ सालीं आलेल्या तेवीस गांवांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचें जें आरक्षण आहे त्याचा हेतुहि तोच. त्यानें कातळाचें रक्षण झालें तर तें आनुषंगिक. भूवारसास्थळांसाठीं स्वतंत्र विधेयकाचा मसुदा केंद्रसरकारनें डिसेंबर २०२२ मध्यें प्रसिद्ध केला, पण मसुदा म्हणजे कायदा नव्हे.

हें अशक्य आहे असें मात्र नाहीं. फ्रान्सिस बुकॅनन यानें मलबारांतील अंगाडिपुरम् येथील विटांसारख्या कापतां येणाऱ्या तांबड्या खडकास १८०७ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत ‘लॅटराइट’ हें नांव दिलें. हा आपल्याकडील जांभा. म्हणजे कुजलेला, झिजलेला दगडच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानें त्या जागेस राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवून १९७९ सालीं तेथें फलक उभारला. आमच्याकडे लोणारच्या सरोवरास असा मान आहे. मुंबईंत अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर बेसाल्टचे उभे खांब सुमारें दोनशें फूट उंच आहेत. आजूबाजूचा दगड खाणवाल्यांनीं व वस्तीनें संपविल्यावर उरला तेवढा पाहून महानगरपालिकेनें त्यास वारसायादींत घेतलें. महाबळेश्वर, पांचगणी व कास येथील माथ्यांवर बेसाल्टचाच जांभा झाला आहे. पैकीं कासचें पठार २०१२ पासून जागतिक वारशांत मोडतें. पण लोक तेथें फुलांसाठीं जातात व फुलें ज्यावर उगवतात त्याकडे पाहत नाहींत. पुण्याच्या वांट्यास मात्र या प्रकारचें एकहि स्थळ आलेलें नाहीं.

प्रत्येक दरड राखा असें म्हणणें हास्यास्पद होईल. आमच्या मतें या टापूंतील दोन-तीन जागा निवडून त्यांवर भर द्यावा. पहिली जुन्या कात्रज घाटांतील रस्त्याची कड, जेथें थरांचा क्रम चढणीबरोबर वाचीत जातां येतो. दुसरी पर्वती-तळजाईच्या उतारावरील, वस्ती व झाडी यांतून सुटलेला कातळ. शहराच्या मध्यावर असल्यामुळें विद्यार्थ्यांस तो सर्वांत सोयीचा. तिसरी थोडी दूरची, वेताळ टेकडीवरील सोडलेली खाण. ती मनुष्यानें केलेली जखम खरी, परंतु तेथें कातळाचा जसा उंच छेद दिसतो तसा शहरांत इतरत्र दिसत नाहीं, म्हणून ती बुजवूं नये.

ग्रामोग्राम कागदांच्या शोधार्थ हिंडणाऱ्या मंडळींस एक विनंति आहे. वाटेंत ताजी कापलेली दरड, नव्या विहिरीचा किंवा इमारतीच्या पायाचा खड्डा दिसला तर त्याचें टिपण करावें. जागेचें नांव, गांव, नजीकची खूण व दिनांक प्रथम लिहावा. मग वरून खालीं प्रत्येक थराचा रंग व जाडी, तांबडा पट्टा असल्यास त्याची जाडी वेगळी, आणि वाटोळे धोंडे कितपत खोल मिळतात तें. छायाचित्र घेतांना माप कळावें म्हणून शेजारीं हातकाठी किंवा मोजपट्टी उभी करावी. माणूस उभा केल्यास त्याची उंची लिहून ठेवावी. दगड उचलून आणण्याची आवश्यकता नाहीं. आणल्यास त्यावर लगेच चिठ्ठी बांधावी, घरीं जाऊन आठवणीनें नव्हे. गांवकरी त्या थरास काय म्हणतात तो शब्द जसा ऐकला तसाच टिपावा, कारण मांजऱ्या हा शब्द सर्वत्र एकाच अर्थानें वापरतात असें नाहीं, आणि कोणत्या तालुक्यांत त्याचा काय अर्थ आहे याची यादी झाली तर विहिरींसंबंधींचे पुष्कळ जुने कागद नीट लागतील.